कुत्र्याला काय सोसत नाही, ते पाकिटावर लिहिलेलं नसतं

पुण्यातल्या मोठ्या पेट शॉपमध्ये आता एक अख्खी भिंत कुत्र्यांच्या खाण्याची असते. ‘सेन्सिटिव्ह’, ‘हायपोॲलर्जेनिक’, ‘ग्रेन-फ्री’, ‘लॅम्ब अँड राइस’, ‘ओशन फिश’. त्या भिंतीसमोर उभं असलेलं माणूस बहुतेक वेळा वैतागलेलं असतं. घरचा लॅब्रॅडॉर रात्रभर पंजे चाटतोय, कानाला वास येतोय, किंवा शिह-त्झूचं पोट सारखं बिघडतंय. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी सांगतं चिकन बंद करा, कुणी गहू बंद करा म्हणतं, कुणी दहीभातावर ठेवायला सांगतं. दोन-तीन पोती बदलून होतात आणि खाज होती तिथेच राहते.

याचं कारण असं की आपण पाकीट निवडायला जातो तेव्हा नेमकं काय टाळायचंय हेच ठरलेलं नसतं. ते पाकीट वाचून ठरणारही नाही. ते आपल्याच घरात, आपल्याच कुत्र्यावर, दोन महिने शिस्तीने तपासून ठरतं. त्यामुळे या दुखण्यात पहिलं निवडलेलं खाणं जेवणापेक्षा तपासणी म्हणून जास्त महत्त्वाचं असतं.

## दोन तक्रारी, दोन कारणं

‘खाणं सोसत नाही’ असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे अन्नाची ॲलर्जी. यात शरीराची प्रतिकारशक्ती अन्नातल्या एखाद्या प्रथिनाला शत्रू समजते आणि ते पोटात गेलं की दर वेळी लढाईला उभी राहते. त्याचा परिणाम कुत्र्यांत बहुधा कातडीवर दिसतो, कधी पोटावर, कधी दोन्हीकडे. दुसरी गोष्ट म्हणजे पदार्थ नुसता न मानवणं. तिथे प्रतिकारशक्तीचा संबंध नसतो, पचनच कमी पडतं.

दुधाचं उदाहरण घ्या. मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांत दुधातली साखर पचवणारा घटक कमी झालेला असतो. वाटीभर दूध पाजलं की जुलाब होतात, पण चमचाभर दही चालून जातं, कारण विरजणात ती साखर काही प्रमाणात कमी झालेली असते आणि चमचाभरात ती मुळातच थोडी असते. हे न मानवणं झालं, इथे प्रमाण महत्त्वाचं. मात्र एखाद्याला दुधातल्या प्रथिनाचीच ॲलर्जी असेल तर दही, ताक, पनीर सगळंच वर्ज्य, आणि थोडंसंही पुरतं. ‘दूध बंद केलंय हो, फक्त दहीभात देतो’ असं सांगणाऱ्या घरात खाज का थांबत नाही, याचं उत्तर कधी कधी इथे असतं.

## खाज म्हणजे अन्नच, असं नाही

अन्नाच्या ॲलर्जीची खाज साधारण बारमाही असते. पंजे, कान, काखा, जांघा आणि शेपटीखालचा भाग या तिच्या आवडत्या जागा. कानाचा संसर्ग औषधाने बरा होतो आणि पुन्हा येतो. काहींना दिवसातून अनेकदा शी होते, वायू होतो. पण धूळ, परागकण, घरातले सूक्ष्म कीटक यांच्या ॲलर्जीतही हुबेहूब असंच दिसतं. नुसतं बघून दोन्हींतला फरक अनुभवी डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत.

आकडे सांगतात की कुठल्याही कारणाने दवाखान्यात येणाऱ्या १०० कुत्र्यांपैकी जेमतेम एक-दोघांना अन्नाची ॲलर्जी असते. फक्त खाजेच्या रुग्णांचा विचार केला तर प्रमाण बरंच वाढतं, वेगवेगळ्या अभ्यासांत ते ९ ते ४० टक्क्यांपर्यंत आलेलं आहे. म्हणजे शंका घ्यायला जागा आहे, पण पहिली शंका ती नसावी.

आधी पिसवा आणि गोचीड यांचा बंदोबस्त. पुण्याच्या पावसाळ्यात ओलसर अंगावर, कानांत, बोटांच्या बेचक्यांत यीस्ट नावाची बुरशी फोफावते, तिचीही जबरदस्त खाज असते. खरजेचे किडे आहेत का ते कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पोटाची तक्रार असेल तर शीची तपासणी, जंत आणि जिआर्डिया नावाचा परजीवी यांच्यासाठी. हे सगळं न करता खाणं बदललं तर बरं वाटलं तरी कशाने वाटलं ते कळत नाही. आणि वजन उतरत असेल, शीत किंवा उलटीत रक्त असेल, किंवा पिल्लू असेल तर घरचे प्रयोग बाजूला ठेवून थेट दवाखाना.

## ‘इतकी वर्षं तेच खातोय की!’

हा आक्षेप प्रत्येक घरातून येतो, आणि ऐकायला तो बिनतोड वाटतो. पण ॲलर्जी पहिल्याच घासाला होत नाही. प्रतिकारशक्तीची त्या प्रथिनाशी आधी ओळख व्हावी लागते, मग कधीतरी ती बिनसते. त्यामुळे संशयितांच्या यादीत वर असतात ते रोजचे, जुने, सवयीचे पदार्थ. गेल्या आठवड्यात आणलेल्या नव्या पोत्यावर लगेच आळ घेणं बहुतेक वेळा चुकीचं ठरतं.

२०१६ मध्ये पशुवैद्यक संशोधकांनी आधीच्या अभ्यासांतल्या २९७ ॲलर्जिक कुत्र्यांची माहिती एकत्र केली. गोमांस ३४ टक्के, दुग्धजन्य पदार्थ १७, चिकन १५, गहू १३ असा क्रम आला. तांदूळ आणि मासे फार खाली होते. हे कुत्रे प्रामुख्याने युरोप, उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाकडचे, म्हणून गोमांस पहिलं. पुण्यातलं ताट वेगळं. इथे चिकन-भात, पोळी, दूध, बिस्किटं हे रोजचं खाणं, म्हणून संशयही आधी यांच्यावरच घ्यावा. ‘ॲलर्जी करणारे पदार्थ’ अशा इंटरनेटवरच्या याद्या तशाच्या तशा उचलण्यात अर्थ नाही. आपल्या कुत्र्याने जन्मापासून काय काय खाल्लंय ते एका कागदावर लिहून काढावं. बिस्किटं, च्यू स्टिक, हाडं, प्रसाद, शेजाऱ्यांकडचं जेवण, सगळं. त्या भिंतीसमोर उभं राहताना हा कागद हातात हवा.

## ‘रक्त तपासून टाकू ना’

तपासण्या विकत मिळतात: रक्ताच्या, लाळेच्या, केसांच्या. निकालाचा रंगीत तक्ताही येतो. अडचण अशी की अन्नाच्या ॲलर्जीसाठी यातली एकही भरवशाची नाही. ठणठणीत कुत्र्यांचे निकाल ‘ॲलर्जी आहे’ असे येतात आणि खऱ्या रुग्णांचे कोरे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केस-लाळेच्या तपासणीसाठी खऱ्या कुत्र्यांच्या नमुन्यांबरोबर कृत्रिम फर आणि लाळेऐवजी नुसतं सलाईनही पाठवलं गेलं. त्यांचीही ‘ॲलर्जी’ निघाली. माझ्या मते हे पैसे सरळ चांगल्या खाण्यावर घालावेत.

## आठ आठवड्यांची परीक्षा

खात्रीचा मार्ग एकच, आणि तो कंटाळवाणा आहे. त्याला एलिमिनेशन डाएट म्हणतात. आतापर्यंतचं सगळं खाणं थांबवायचं आणि ज्याची ॲलर्जी असणं जवळपास अशक्य असं एकच खाणं द्यायचं. पोटाच्या तक्रारी बऱ्याचदा पहिल्या दोन आठवड्यांत कमी होतात. कातडी मात्र सावकाश सुधारते. पाच आठवड्यांत बऱ्याच जणांना फरक पडतो, आठ आठवड्यांपर्यंत दहातल्या नऊहून अधिक अन्न-ॲलर्जिक कुत्र्यांना. म्हणून आठ हा आकडा. तिसऱ्या आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडून देणारे सगळ्यात जास्त, आणि त्यांचा खर्चही पूर्ण वाया जातो.

सुरुवातीला खाज फारच असेल तर डॉक्टर ती दाबणारी गोळी देतात. त्यात गैर काही नाही, जनावराला दोन महिने तळमळत ठेवायची गरज नसते. फक्त ती गोळी शेवटच्या काही आठवड्यांत बंद असायला हवी, नाहीतर सुधारणा गोळीची की खाण्याची हे कळणार नाही.

आणि मग येतो तो टप्पा, जो बहुतेक जण टाळतात. कुत्रा बरा दिसला की जुनं खाणं पुन्हा द्यायचं. ‘इतकं करून बरा झालाय, आता मुद्दाम कशाला त्रास द्यायचा?’ हा प्रश्न रास्त आहे. पण दरम्यान हवा बदललेली असते, कानाचं औषध झालेलं असतं, गोचिडांची गोळी सुरू झालेली असते. जुन्या खाण्यावर दोन आठवड्यांच्या आत खाज परतली आणि ते थांबवल्यावर पुन्हा ओसरली, तरच अन्नाची ॲलर्जी पक्की झाली. त्यापुढे एकेक पदार्थ वेगळा देऊन पाहायचा: आधी फक्त उकडलेलं चिकन, दोन आठवडे. मग फक्त गहू. मग दूध. हे केलं नाही तर कुत्रा जन्मभर महागड्या खाण्यावर राहतो, आणि कदाचित त्याला फक्त पोळीच वर्ज्य असते.

## नवं प्रथिन की फोडलेलं प्रथिन

या परीक्षेसाठी दोन प्रकारचं खाणं चालतं.

पहिला प्रकार, कुत्र्याने कधीच न खाल्लेलं प्रथिन. प्रतिकारशक्तीची त्याच्याशी ओळखच नसेल तर भांडण कुठून होणार? इथे तो कागद उपयोगी पडतो. चिकनवर वाढलेल्या कुत्र्यासाठी बोकडाचं मटण किंवा मासे नवे असू शकतात. पण नात्यातले प्राणी एकमेकांसारखे असतात हे लक्षात ठेवावं. चिकनचा संशय असताना बदक किंवा टर्की, म्हशीच्या मांसाचा संशय असताना मटण, ही फार सुरक्षित निवड नव्हे. गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून किंवा कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमधून आणलेले मासे काटे काढून नुसते उकडायचे, जोडीला रताळं किंवा भात. कांदा आणि लसूण कुत्र्यांना विषारी, त्यामुळे आपल्या रश्श्यातला तुकडा धुऊन देणं हा पर्याय नाही.

दुसरा प्रकार, हायड्रोलाइज्ड खाणं, म्हणजे प्रथिन आधीच बारीक फोडून बनवलेलं. प्रतिकारशक्ती प्रथिनाला त्याच्या आकारावरून ओळखते. चकली लहान मूलही लांबून ओळखतं, पण ती कुटून तिचं पीठ केलं तर भाजणी तीच असूनही समोर चकली होती हे कुणाला कळत नाही. तसंच हे. पोषण तेच राहतं, ओळख पुसली जाते. म्हणून पाकिटावर ‘हायड्रोलाइज्ड चिकन’ वाचून दचकायचं कारण नाही. मात्र किती बारीक फोडलंय याला महत्त्व आहे. अर्धवट फोडलेल्या प्रथिनाला काही कुत्रे ओळखतातही. जे कुत्रे सगळंच खाऊन बसलेत, किंवा दत्तक घेतलेले, ज्यांचा इतिहास कुणालाच माहीत नाही, त्यांच्यासाठी हा मार्ग जास्त बरा. हे खाणं डॉक्टरांच्या सल्ल्याने मिळतं आणि साध्या पाकिटाच्या कितीतरी पट महाग असतं. दोन महिन्यांचा खर्च आधी मांडून बघावा. परवडत नसेल तर घरचं उकडलेलं खाणं हा कमअस्सल पर्याय मुळीच नाही, फक्त त्याला मेहनत लागते.

दुकानात सहज मिळणारं ‘लॅम्ब अँड राइस’ या परीक्षेला चालत नाही. एक तर आत बऱ्याचदा चिकन मील, म्हणजे कोंबडीची सुकवलेली भुकटी, असते. शिवाय, परदेशांतल्या एकाहून अधिक अभ्यासांत बाजारातल्या ‘एकाच प्रथिनाच्या’ पाकिटांत न लिहिलेल्या प्राण्यांचे अंश सापडलेले आहेत. एकाच यंत्रावर आधी चिकनचं आणि मग माशाचं खाणं काढलं तर थोडं मिसळणारच. धडधाकट कुत्र्याला त्याने काही होत नाही, पण इथे तेवढ्यानेही निकाल बिघडू शकतो.

## परीक्षा कुठे फुटते

डब्यातलं खाणं सगळे बदलतात. परीक्षा फुटते ती डब्याबाहेर. आजींच्या चहाबरोबरचं मारी बिस्किट. कामाच्या मावशींनी प्रेमाने टाकलेला पोळीचा तुकडा. गेटवरच्या काकांच्या खिशातला ग्लुकोज बिस्किटांचा पुडा. वेताळ टेकडीवर सकाळी भटक्या कुत्र्यांसाठी बिस्किटं पसरून ठेवणारे सज्जन. घरातल्या मांजरीची वाटी. बाळाच्या उंच खुर्चीखालची जमीन.

आणि ज्यांचा कुणी विचारच करत नाही अशा गोष्टी: जंताची आणि गोचिडांची चघळायची गोळी, कारण तिला मांसाची चव असते. चिकनच्या चवीची टूथपेस्ट. गोळी गिळवायला लावलेलं चीज. डॉक्टरांना आधी सांगितलं तर बिनचवीची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध मिळतं.

आजींना ‘देऊ नका’ म्हणून भागत नाही. त्यांचा आणि त्याचा तो रोजचा व्यवहार असतो. त्याच्या दिवसाच्या खाण्यातले मूठभर दाणे सकाळीच एका डबीत काढून आजींच्या हाती द्यावेत, चहाच्या वेळी तेच. तो तितकाच शेपूट हलवतो. गेटवरच्या काकांनाही तशीच एक डबी.

सुरुवात कधी करायची हेही बघावं. गणपतीत घरात पाहुणे, मोदक, शिरा, दिवाळीत टेबलभर फराळ. कुत्रा फार त्रासात नसेल तर दिवाळीनंतर सुरू केलेली परीक्षा पुरी होण्याची शक्यता जास्त. थंडीत काही जणांची खाज आपोआपच कमी होते, हे खरं. म्हणूनच जुनं खाणं परत देऊन पाहण्याचा टप्पा गाळायचा नाही.

## ‘धान्य बंद केलं की झालं’

गव्हाची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला गहू वर्ज्य. बाकीच्यांना धान्याने काही बिघडत नाही. कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला भात कसा पचणार, असं सांगितलं जातं. पण माणसाच्या वस्तीला राहून कुत्रा बदललाय. २०१३ मध्ये स्वीडिश संशोधकांनी दाखवलं की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा पुष्कळ जास्त असतात. उलट ‘ग्रेन-फ्री’ पोत्यात बऱ्याचदा चिकन असतंच, म्हणजे मुख्य संशयित आतच बसलेला.

शिवाय अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये वाटाणा, मसूर यांसारखी कडधान्यं किंवा बटाटा मुख्य घटक असलेल्या खाण्याबद्दल सावधगिरीची सूचना दिली होती. असं खाणाऱ्या काही कुत्र्यांत हृदयाचा स्नायू कमजोर झाल्याच्या नोंदी आल्या होत्या. खाण्यामुळेच तसं झालं हे सिद्ध झालेलं नाही, म्हणून घाबरायला नको. पण कारण नसताना तिकडे वळण्यातही काही मतलब नाही. कच्च्या मांसाचंही तेच. शिजवलं नाही म्हणून चिकनचं प्रथिन बदलत नाही, पोट बिघडवणारा साल्मोनेला हा जंतू मात्र घरात येऊ शकतो.

## आमच्या घरात मांस येत नाही

पुण्यात हा प्रश्न नेहमीचा. कुत्रा मांजरीसारखा पूर्ण मांसाहारी नाही, नीट आखलेल्या शाकाहारी खाण्यावर तो राहू शकतो. पण ‘शाकाहारी म्हणजे ॲलर्जी नाही’ हा गैरसमज. दूध, पनीर, गहू, सोया, सगळ्यांत प्रथिनं आहेत, आणि शाकाहारी घरातल्या कुत्र्याचे जुने ओळखीचे पदार्थ नेमके हेच. त्यांच्यासाठी फोडलेल्या सोया प्रथिनाचं खाणं असतं. मात्र काहींत चवीपुरता कोंबडीच्या यकृताचा अंश असतो, घरच्या रीतीसाठी ते आधी वाचून घ्यावं.

## पाकीट कसं वाचायचं

पुढचं मोठं नाव विसरा, मागची बारीक अक्षरं वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. ‘मीट अँड मीट बाय-प्रॉडक्ट्स’ किंवा ‘सीरियल्स’ असे मोघम शब्द असतील तर ते पाकीट ॲलर्जीच्या कुत्र्यासाठी बाद, कारण आत कुठला प्राणी आणि कुठलं धान्य हेच सांगितलेलं नाही. अमेरिकी पद्धतीच्या नामकरणात ‘विथ लॅम्ब’ लिहायला ३ टक्के लॅम्ब पुरतं, आणि ‘लॅम्ब फ्लेवर’ला किती हवं याचा आकडाच नाही, चव आली की झालं.

‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ हे शब्द मात्र शोधावेत, सोबत अमेरिकेतल्या आफ्को (AAFCO) किंवा युरोपातल्या फेडिआफ (FEDIAF) या संस्थेचा उल्लेख आणि कुठल्या वयासाठी ते. या संस्था खाणं तपासून शिक्का मारत नाहीत, त्या पोषणाचे निकष ठरवतात, आणि आपण ते पाळले असं कंपनी सांगत असते. ‘सेन्सिटिव्ह’ हा शब्द तर प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने वापरते. बऱ्याचदा त्याचा अर्थ पचायला हलकं इतकाच असतो. नुसतं पोट नाजूक असलेल्या कुत्र्याला ते उपयोगी पडेलही, ॲलर्जीवाल्याला त्याचा भरवसा नाही.

## दोषी सापडल्यावर

नेमका पदार्थ कळला की निवड एकदम सोपी होते. चिकन दोषी असेल तर चिकन, चिकन मील नसलेलं कुठलंही संतुलित खाणं चालतं, आणि भिंतीवरची निम्मी महाग पोती आपोआप बाद होतात. चिकनवाल्याला अंडं चालेलच असं नाही, ते वेगळं देऊन बघावं लागतं. नव्या खाण्यावर जाताना आठवडाभर जुन्यात थोडं थोडं मिसळत न्यावं, एकदम बदललं की नुसत्या बदलानेच जुलाब होतात आणि उगाच नव्या पाकिटावर ठपका येतो.

घरचंच द्यायचं ठरवलं तर आठ आठवड्यांची पाककृती आयुष्यभर चालवता येत नाही. मासे-भात किंवा मटण-रताळं यात कॅल्शियम फार कमी, काही जीवनसत्त्वं आणि जस्तही अपुरं. मोठ्या कुत्र्यात ही तूट हळूहळू दिसते, वाढत्या पिल्लात हाडं वाकेपर्यंत जाते. त्यासाठी पशुवैद्याकडून मापं लिहून घ्यावीत, ग्रॅममध्ये. गुंतागुंत असेल तर सातारा रस्त्याने तासाभरावर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथेही दाखवता येतं.

आणि आठ आठवडे काटेकोर पाळूनही खाज जराही हलली नाही, तर अन्न बहुधा निर्दोष आहे. मग त्याचं जुनं चिकन-भात त्याला परत द्यावं आणि धूळ-परागकणांच्या ॲलर्जीच्या उपचारांबद्दल डॉक्टरांशी बोलावं. हाती एक खात्रीचं ‘नाही’ असतं, आणि पुढच्या वेळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणी नवं पोतं सुचवलं तर ते आणायची गरज उरत नाही. ज्यांचं उत्तर ‘हो’ आलंय त्यांनी मात्र प्रत्येक नवं पोतं उघडण्याआधी मागची यादी पुन्हा वाचावी. नाव आणि चित्र तेच ठेवून कंपन्या आतले घटक बदलत असतात.